खाडीच्या चिखलात बाबा

आमच्या घरात पाणी हे बाबांचं खातं होतं. नोकरीच त्यांची पाणीपुरवठ्यात होती, पण संध्याकाळी घरी येताना ते खातं ऑफिसात ठेवून येत नसत. इंदूरमधल्या सुदामा नगरच्या आमच्या गल्लीत नळ कधी येणार, किती वेळ टिकणार, कुणाच्या वरच्या मजल्यावर चढणार आणि कुणाच्या नाही, हे ते चहा पिता पिता सांगायचे. पहाटे तोटीतून आधी नुसती हवा यायची, फुर्र फुर्र करत. त्या आवाजावरून बाबा अंथरुणातूनच जाहीर करायचे, ‘‘आज प्रेशर चांगलं आहे.’’ मग मोटरची घरघर, पिंपात पडणारी धार, आईच्या फोडणीतली मोहरी आणि शेजारच्या पप्पू भियाची खिडकीतून हाक, ‘‘भाईसाब, आज कितनी देर आएगा?’’ बाबा जरा थांबून उत्तर द्यायचे, मंजुरी दिल्यासारखं. माझं सगळं लहानपण या आवाजांत गेलं. नर्मदेचं पाणी घाट चढून आमच्या बादलीत येतं ते बाबांच्या शब्दाखातर, अशी माझी बरीच मोठी होईपर्यंत समजूत होती. बाबांची तर ती कायमच होती.

आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेबरोबर इकडे आले. त्यांनी कुठल्या लढाईत काय केलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण ‘‘आपण फौजेतली माणसं’’ हे वाक्य घरात कशालाही चालायचं. बाबांनी ते दाढ काढतानाही म्हटलेलं मला आठवतं, आणि त्यानंतर दोन दिवस ते कण्हत होते. फौजेतली असल्याने आमच्याकडे रविवारी मटण व्हायचं, पण मासा नाही. मासा फक्त छत्रीबागेत शालू आत्याकडे. शालू आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवऱ्याच्या मागे तिने शिवणाचे क्लास काढले, एकटी राहिली आणि जगात कुणाला भ्यायली नाही. बाबांना ‘बाळ्या’ म्हणणारी ती एकटीच. तिच्या मोरीत, ती मासा साफ करत असताना, मी पहिल्यांदा कल्ले उघडून आत पाहिलं. लाल, झालरीसारखे, एकावर एक. त्या दिवसापासून मी त्यातून बाहेर आलेच नाही. पुढे बी.एस्सी. केलं तेही त्यासाठीच, आणि त्यानंतर कोकणातल्या एका मत्स्य महाविद्यालयात मला जागा मिळाली. हे जेवताना सांगितलं, हीच माझी चूक झाली. बाबांच्या हातात पोळीचा तुकडा होता तो तसाच राहिला.

‘‘मासे शिकायचे? त्यात शिकायचं काय असतं?’’

‘‘त्यांची पैदास, त्यांचे रोग, खाड्या, भरती-ओहोटी. पुष्कळ असतं बाबा.’’

‘‘अगं, विजय नगरला तुला नोकरी मिळून राहिली आहे. एसी ऑफिस आहे, बस दारात येते. आणि तुला सगळं सोडून तिकडे मच्छी पकडायला जायचंय?’’

आईची काळजी वेगळी होती. ‘‘तिकडे म्हणे भाजीत पण नारळ, आमटीत पण नारळ. तुझं पोट कसं चालेल गं?’’

बाबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हात धुऊन आले आणि म्हणाले, ‘‘साइट पाहिल्याशिवाय मी कुणाला कनेक्शन मंजूर करत नाही.’’ कॉलेजला पुढच्या सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. मी रात्रभर जागी राहून रडले आणि सकाळी पाणी भरलं.

पप्पू भियाने हे सगळं खिडकीतून ऐकलं होतं. त्याचं नमकीनचं दुकान होतं, घर शुद्ध शाकाहारी, आणि दुसऱ्याच्या घरातला पेच सोडवणं हा त्याचा आवडता धंदा. दुपारपर्यंत त्याने मोबाईलवर कॉलेजजवळच्या खाडीकाठची एक जागा शोधून काढली. तंबूत राहायचं, कयाकमधून, म्हणजे प्लॅस्टिकच्या निमुळत्या होड्यांतून, फिरायचं आणि गळ टाकून मासे धरायचे. ‘‘भाईसाब, साइट विजिट की साइट विजिट, पिकनिक की पिकनिक. गाडी अपनी.’’ बाबांना ‘साइट विजिट’ हा शब्द पटला. आई आपण नाही गेलो तर तिकडे काय ठरेल या धास्तीने तयार झाली. शालू आत्याला कोणी बोलावलं नव्हतं, ती पहाटे पिशवी घेऊन गाडीत येऊन बसली होती. ‘‘बाळ्या, तू पोरीला समुद्रात नेऊन राहिलाय आणि मला सांगितलं पण नाही?’’ डिकीत कपड्यांची एक पिशवी आणि बाकी सगळी शेव होती, लवंगाची, लसणाची, जाडी, बारीक, आणि कुठल्याच नावात न बसणारी एक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. सुरूच्या झाडांखाली तंबू ठोकलेले, पुढे खाडी काठोकाठ भरलेली, आणि पलीकडे कुठेतरी समुद्राचा आवाज. जागेची मालकीण विनया वहिनी, सलवार घोट्याच्या वर दुमडलेली, गळ्यात शिटी. तिने आम्हाला ओळीत उभं करून सांगितलं, उद्या उजाडताच निघा, पाणी भरलेलं असेल. सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली, की खाडीत मधोमध नुसता चिखल उरतो. त्याच्या आत परत या. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘हे टाइमिंग कोण ठरवतं?’’

‘‘चंद्र,’’ ती म्हणाली.

बाबांना ही व्यवस्था ढिली वाटली असावी, तसं तोंडावर दिसत होतं. रात्री जेवायला मोरीचं, म्हणजे छोट्या शार्क माशाचं, तिखलं होतं. आईने वास घेऊन ‘‘नारळ आहे’’ एवढंच म्हटलं. बाबांनी एक घास घेतला, विचार केला, आणि त्यावर मूठभर लवंगाची शेव टाकली. विनया वहिनी वाढता वाढता थांबली. तिने आयुष्यात पुष्कळ पर्यटक पाहिले असतील, पण तिच्या तिखल्याची अशी दशा पाहिली नव्हती. बाबांनी दोनदा मागून घेतलं हे मात्र मी पाहिलं, आणि मनात होकाराच्या बाजूला एक मार्क टाकला.

आता खरी गोष्ट पोह्यांची. इंदूरचा माणूस पोहे खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, हे मला माहीत होतं, पण उंबरा मागे राहिला असताना समुद्रकाठीही तो हा नियम पाळेल असं मी धरलं नव्हतं. उजाडलं, पाणी भरलेलं होतं, होड्या काठाला लावलेल्या होत्या, आणि पप्पू भिया गाडीतून पितळी पातेलं काढत होता. आपल्याकडे पोहे वाफेवर ठेवतात, खाली पाणी उकळतं आणि वर पोह्यांची रास. ते त्याला तस्संच हवं होतं. वाऱ्याने स्टोव्ह पेटेना, तर आईने आणि आत्याने चादर धरून आडोसा केला. मग बडीशेप, मग वरून भुरभुरायचा जीरावण मसाला, मग कांदा बारीक चिरला नाही म्हणून परत चिरला. एवढ्यावर भागलं असतं, पण त्याने घरून जिलबीचं पीठ आंबवून आणलं होतं. दोन दिवसांच्या प्रवासात त्या पिठाने डब्याचं झाकण उडवलं होतं आणि ते आता थांबायच्या मनःस्थितीत नव्हतं. ‘‘फेंक थोड़ी देंगे,’’ भिया म्हणाला, आणि कढई चढली.

मी भरतीची वेळ पाठ करून आले होते. मी म्हटलं पाणी फिरेल. कोणी ऐकलं नाही. परत म्हटलं. आत्या म्हणाली, ‘‘अगं, जिलबी गरम खायची असते.’’ शेवटी बाबांकडे गेले. ते खुर्ची टाकून पोह्यांवर दुसऱ्यांदा शेव पेरत होते.

‘‘टेन्शन नको घेऊ,’’ ते म्हणाले. ‘‘पाणी असं एकदम जात नाही. जाताना आधी धार बारीक होते. बारीक झाली की परत फिरू.’’

बत्तीस तेहतीस वर्षं नळ सांभाळलेला माणूस हे सांगत होता, मी वल्ही आणायला गेले. विनया वहिनी मासळी घ्यायला बाजारात गेली होती, नाहीतर तिने आम्हाला सोडलंच नसतं. आम्ही तोंड पुसत होड्यांत बसलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

एका होडीत आई आणि आत्या. एकट्याच्या छोट्या होडीत पप्पू भिया, वल्हं उलटं धरून. तिसरीत पुढे बाबा आणि मागे मी. फौजेतली माणसं असल्याने बाबा पुढे बसणार हे उघडच होतं. ते एकाच बाजूने जोर लावायचे, त्यामुळे आम्ही बराच वेळ विनया वहिनीच्या काठासमोर गोल गोल फिरलो. आई आणि आत्या मात्र भांडत भांडत सरळ निघून गेल्या. खाडीच्या मध्यावर आम्ही सगळे एकत्र आलो आणि गळ टाकले. आमिष म्हणून कोळंबी होती. पप्पू भियाने ती लांबूनच नमस्कार करून नाकारली. तो नर्मदेच्या घाटावर माशांना पिठाच्या गोळ्या चारतो, पुण्य लागतं म्हणून. त्याच हिशेबाने त्याने शेव आणि जिलबीचं उरलेलं पीठ मळून एक गोळी केली आणि फोटोपुरती गळाला लावली.

दिवसभरातला एकुलता एक मासा त्यालाच लागला. शेंगाळा, वीतभर लांब, मिशीवाला, आणि हा मासा पाण्याबाहेर काढला की कुरकुर आवाज करतो. पप्पू भियाला हे कोणी सांगितलं नव्हतं. मासा त्याच्या मांडीवर पडून त्याच्याकडे बघत कुरकुरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. ‘‘ये कुछ बोल रहा है,’’ तो म्हणाला. ‘‘भाभीजी, ये शिकायत कर रहा है.’’ तो हात लावणार एवढ्यात मी ओरडले की धरू नका, पाठीवरचा काटा विषारी असतो. आमची होडी त्याच्या होडीला लावली, माशाला ओल्या फडक्यात धरलं, चिमट्याने गळ काढला आणि त्याला पाण्यात सोडलं. बाबा वळून सगळं बघत होते. ‘‘हे तुला येतं?’’ असं त्यांनी विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही, कारण पप्पू भिया हात जोडून खाडीची मोठ्याने क्षमा मागत होता आणि सगळे तिकडे बघायला लागले.

तेवढ्यात पाणी गेलं. धार बारीक वगैरे काही झाली नाही. होडीच्या बुडाला खालून कोणीतरी हात लावल्यासारखं वाटलं, वल्हं टाकलं तर चिखल निघाला, आणि बघता बघता आम्ही पाच माणसं तीन रंगीत होड्यांत, काळ्याभोर चिखलावर, सरळ रेषेत बसून राहिलो. काठ इतका जवळ होता की आमच्या तंबूबाहेर वाळत टाकलेला पप्पू भियाचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दिसत होता. त्याच्याशेजारी विनया वहिनी उभी होती, बाजारातून परतलेली, कमरेवर हात ठेवून. तिने शिटी वाजवली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून हाक दिली, ‘‘पाणी येतला. बसान रवा.’’ पाणी येईल, बसून राहा.

बाबांना बसून राहणं जमण्यातलं नव्हतं. थोडा वेळ त्यांनी चिखल वल्हवला. मग पँट दुमडली. ‘‘एवढंसं तर अंतर आहे. मी जातो चालत आणि दोरी घेऊन येतो.’’

‘‘बाबा, नका. खोल आहे तो.’’

‘‘अगं, आपण फौजेतली माणसं.’’

त्यांनी उजवा पाय बाहेर टाकला आणि तो मांडीपर्यंत आत गेला. थांबला नाही, जात राहिला. त्यांनी ओढला तर आणखी गेला. जोर मिळावा म्हणून ते डावा पाय बाहेर काढायला लागले. दोन्ही पाय गेले असते तर त्यांना बाहेर काढणं आमच्यापैकी कुणाच्या हातात नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेलं काहीतरी दिसलं. ते घाबरले होते. माझे बाबा घाबरले होते, आणि मला ते बघवेना.

‘‘बाबा, खाली बसा,’’ मी ओरडले. ‘‘दुसरा पाय टाकायचा नाही. बसा म्हणते ना.’’

आईचा हात तोंडावर गेला. बाबांशी या आवाजात बोललेलं माणूस आमच्या घरात झालं नव्हतं, आणि शालू आत्यासुद्धा त्यांना बाळ्या म्हणायची ती लाडाने. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बसले.

‘‘मागे रेला. अजून. पाठ टेका माझ्या गुडघ्यांना. आता ओढू नका, पाय नुसता हळूहळू हलवा, डावीकडे, उजवीकडे. बाजूने पाणी आत जाऊ द्या. घाई नको.’’ मी सांगत गेले आणि ते करत गेले. पुष्कळ वेळाने पाय आला. बूट आला नाही. तो अजून तिथेच असेल.

मग वाट पाहणं सुरू झालं. ऊन डोक्यावर आलं. सगळ्यांत आधी शालू आत्याने विचारलं, ‘‘कोणाजवळ काय आहे खायला?’’ पप्पू भियाने लाइफ जॅकेटच्या आतून शेवेची पिशवी काढली. होड्यांत अंतर होतं, म्हणून पिशवी गळाला अडकवून काठी लांबवायची आणि पलीकडच्याने काढून घ्यायची. त्या दिवशी आमच्या गळांना काही लागलं असेल तर ती शेव. थोड्या वेळाने आईने आणि आत्याने भेंड्या सुरू केल्या, पप्पू भिया प्रत्येक गाण्यात दुसऱ्या ओळीपासून चुकत होता, आणि काठावर विनया वहिनी आमचं शूटिंग करत होती. ते अजून तिच्या मोबाईलवर आहे असं ती म्हणते. मी पाहायला मागितलं नाही.

बाबा गाणं म्हणत नव्हते. एका पायात बूट, दुसरा पाय काळा, असे माझ्याकडे पाठ करून बसले होते. मला वाटलं, संपलं सगळं. चारचौघांत ओरडले, आता कसला होकार. तेवढ्यात होडीपुढे चिखलावर निवटी दिसल्या, बोटाएवढे मासे, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर टेकत टुणटुणत चाललेले.

‘‘हे काय आहे?’’ बाबांनी विचारलं.

‘‘निवटी. मासा आहे.’’

‘‘मासा? आणि चालून राहिलाय?’’

मग मी सांगितलं. ते तोंडात पाणी धरून श्वास घेतात, चिखलात बिळं करतात, भरती आली की आत शिरतात. बाबा वळले नाहीत, पण कान इकडे होता हे मला पाठीवरून कळत होतं. त्यांनी एकामागून एक विचारलं. बिळात पाणी कसं राहतं. तिवराची मुळं वर का आली आहेत. हे पाणी जातं कुठे. मला येत होतं तेवढं सगळं मी सांगितलं, आणि जे येत नव्हतं त्याला ‘‘ते तिथे शिकवतील’’ असं म्हटलं.

‘‘मंजू,’’ ते शेवटी म्हणाले, ‘‘पाणी कधी येणार?’’

अख्खी कॉलनी ज्यांना हा प्रश्न विचारायची ते बाबा तो मला विचारत होते. मी समोरच्या तिवरांकडे बघून अंदाज घेतला. ‘‘ऊन त्या सुरूंच्या मागे गेलं की खाडीच्या तोंडाकडून येईल. आधी बारीक रेघ दिसेल.’’ आणि तसंच आलं. चिखलातून एक चकचकीत रेघ सरकत आली, आमच्या होडीखाली शिरली, आणि होडी हलकेच उचलली गेली. पप्पू भियाने टाळ्या वाजवल्या. बाबांनी वल्हं उचललं आणि मागे न बघता विचारलं, ‘‘कुठल्या बाजूने मारू?’’

काठावर आल्यावर मला बोलणी बसली ती आईकडून. ‘‘बापावर असं ओरडतात का गं? ते काय म्हणतील?’’ ते काहीच म्हणत नव्हते, हेच तर वाईट होतं. उद्या सोमवार होता. मी अंघोळ केली, तंबूत जाऊन पडले, उठले, तर बाबा कुठे दिसेनात. आत्या म्हणाली, मागे विनयाच्या अंगणात गेलाय. मी सुरूंमधून त्या बाजूला गेले आणि आवाज ऐकून झाडाआड थांबले. बाबा ओट्यावर बसले होते, अनवाणी, हातात चहा. विनया वहिनी समोर कोळंबी सोलत होती.

‘‘विहिरीला बारमाही पाणी आहे का?’’ बाबा विचारत होते.

‘‘आहे की. कशाला ओ?’’

‘‘तुमच्याकडे मुलीला राहायला एक खोली मिळेल का? कॉलेज जवळ पडेल. खायचं कसंही चालेल तिला, नारळाचं पण चालेल. शेव मी पाठवत जाईन.’’

वहिनीने हातातली कोळंबी खाली ठेवली. ‘‘मघा होडीत होती ती मुलगी? जी तुमच्यावर ओरडत होती?’’

मी झाडाचं खोड घट्ट धरलं.

‘‘हो, तीच,’’ बाबा म्हणाले. ‘‘जरा ओरडते. पण ती बसा म्हणाली की बसायचं. तिला यातलं कळतं.’’